दुबळ्या पायाची स्पर्धा

परभणीच्या किंवा पूर्णेच्या स्टेशनवर ज्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आहे, त्यांना हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनचं नाव पाठ असतं. १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद असा निजामाच्या रेल्वेचा लोहमार्ग सुरू झाला आणि मराठवाड्याचं तोंड दक्षिणेकडे वळलं. त्या वेळी जवळा बाजार, औंढा नागनाथ, हिंगोली हे सगळं परभणी जिल्ह्यात होतं आणि परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात. हायकोर्टाचं काम असो, मोठा दवाखाना असो, कॉलेजात नाव घालायचं असो, वाट काचीगुड्याकडेच जायची. आजही आमच्याकडचे म्हातारे मुंबईला ‘मुंबई’ म्हणतात, पण हैदराबादचा उल्लेख घरच्या माणसासारखा करतात.

त्याच काचीगुड्यातल्या मिडल स्कूलमध्ये एक तरुण मास्तर मुलांना शिकवत होता. सय्यद अब्दुल रहीम त्यांचं नाव. १७ ऑगस्ट १९०९ ला हैदराबादेत जन्म, उस्मानिया विद्यापीठाची कलाशाखेची पदवी, आणि पोटासाठी शिक्षकी. काचीगुड्यानंतर त्यांनी उर्दू शरीफ, दारुल उलूम आणि चादरघाट या शाळांमध्येही शिकवलं. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि पुढच्या शाळांमध्ये खेळाचा विभाग त्यांच्याकडे आला. आपल्या भाषेत सांगायचं तर रहीम हे पी.टी.चे सर होते. याच सरांनी पुढे भारतीय फुटबॉल संघाला दोनदा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिलं आणि एकदा ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं. त्याआधी आणि त्यानंतर हे कोणालाही जमलेलं नाही.

हिंगोली जिल्ह्यात फुटबॉलचं वेड फार नाही. आमच्याकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि अर्थातच क्रिकेट. तरीही या पुस्तकात रहीम यांना मी एक पूर्ण प्रकरण देतो आहे, कारण ज्या राज्यात ते घडले ते राज्य आपलंही होतं. मराठवाड्याच्या इतिहासात आपण निजाम वाचतो, रझाकार वाचतो, मुक्तिसंग्राम वाचतो, आणि वाचलाच पाहिजे. पण याच इतिहासात शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा असलेला एक मास्तरही आहे.

अशा मास्तराच्या कामाची नोंद कशी ठेवता येते हे पाहायला जरा अमेरिकेकडे जाऊ. तिथे कॉलेजच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक ही मोठ्या मानाची नोकरी आहे. फुटबॉलला ते लोक सॉकर म्हणतात. बऱ्याच विद्यापीठांचा संघ असतो, संघाला पगारी मुख्य प्रशिक्षक असतो, आणि त्याची कारकीर्द जिंकलेल्या, हरलेल्या आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्यांच्या आकड्यांत लिहून ठेवलेली असते. इंडियाना विद्यापीठाचे जेरी येगली यांचं उदाहरण घ्या. १९६३ साली त्यांनी तिथे सॉकर सुरू केलं तेव्हा विद्यापीठाने या खेळाला अधिकृत दर्जासुद्धा दिला नव्हता. तो मिळायला १९७३ उजाडलं. त्यानंतरच्या ३१ हंगामांत त्यांचे संघ ५४४ सामने जिंकले, १०१ हरले, ४५ बरोबरीत सोडवले, आणि सहा वेळा राष्ट्रीय विजेते झाले. सहावं विजेतेपद २००३ चं, आणि ते घेऊनच येगली निवृत्त झाले.

दुसरे आहेत ॲन्सन डॉरेन्स. त्यांचा जन्म मुंबईचा, ९ एप्रिल १९५१ चा. वडील तेल कंपनीत अधिकारी होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर हा मुलगा देशोदेशी वाढला. १९७७ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या पुरुष संघाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि १९८८ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. मधेच १९७९ मध्ये तिथे मुलींचा संघ सुरू झाला, तोही त्यांनीच घडवला. त्या मुलींनी त्यांच्या हाताखाली राष्ट्रीय पातळीवरची २२ विजेतेपदं मिळवली. चीनमध्ये १९९१ साली झालेला महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हा प्रशिक्षक हेच होते. डॉरेन्स मुंबईत जन्मले त्याच्या आदल्याच महिन्यात दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी तारखा शेजारी ठेवल्या की मला हुरहूर लागते. त्या वसंतात फुटबॉलमध्ये आपण त्यांच्या फार मागे नव्हतो.

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या संघाला ‘मुख्य प्रशिक्षक’ नसतो. खेळाचे सर असतात. तेच मैदान आखतात, तेच चुना टाकतात, तेच जिल्हा स्पर्धेला एसटीने मुलं घेऊन जातात, आणि निकाल लागल्यावर त्यांचं नाव कुठेच लिहिलं जात नाही. रहीम यांच्या शाळेतल्या वर्षांचाही असा हिशोब कोणी ठेवलेला नाही. त्यांच्या त्या वर्षांचा अंदाज पुढच्या खेळाडूंच्या पायांवरूनच घ्यावा लागतो.

रहीम स्वतः खेळाडू होते. उस्मानियाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा संघ काढला होता, त्यात ते खेळले. मग हैदराबादच्या स्थानिक लीगमधल्या कमर क्लबकडून. म्हणजे त्यांचं फुटबॉल मुळात कॉलेजच्या मैदानावरचं. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद त्यांच्याकडे आलं आणि मरेपर्यंत राहिलं. त्यांच्या आधी ही धुरा एस. एम. हादी यांच्याकडे होती. हे हादी म्हणजे अजब गुणी माणूस. रणजी करंडकातलं पहिलं शतक त्यांच्या नावावर आहे, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते टेनिस खेळले.

सचिवपद मिळालं की आपल्याकडे माणूस खुर्चीत बसतो. रहीम यांनी त्या पदाचा उपयोग वर्गासारखा केला. त्यांनी स्पर्धा भरवल्या, पण त्यांचे नियम बदलून टाकले. एका स्पर्धेत चेंडू पायात घोळवत न्यायला बंदी. चेंडू आला की एक-दोन स्पर्शांत पुढच्याला द्यायचा. दुसरी स्पर्धा कमी उंचीच्या मुलांची, म्हणजे आडदांड मुलांच्या धक्क्यात बारक्यांचं कसब वाया जाऊ नये. आणि एक स्पर्धा होती दुबळ्या पायाची. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्यानेच खेळायचं, आणि जो डावखुरा त्याने उजव्याने.

ही शेवटची स्पर्धा कागदावर गंमत वाटते. ती काय चीज आहे हे कळायला करून पाहावं लागतं. जवळा बाजारच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर खडूने गुडघ्याएवढ्या उंचीचा चौकोन काढा. दहा पावलं मागे या. रोजच्या पायाने चेंडू मारा. दहापैकी सहा-सात तरी चौकोनात जातील. आता पाय बदला. पहिल्या फटक्यालाच कळतं की अडचण मारणाऱ्या पायाची नाहीच. ज्या पायावर आपण उभे आहोत त्याला उभं राहता येत नाही. आयुष्यभर त्याला मारायची सवय, अंगाचा भार पेलून गप्प उभं राहायची नाही. कंबर उलटी वळते, खांदा मागे पडतो, नजर चेंडूवरून उडते आणि चेंडू भिंतीच्या वरून पलीकडच्या तुरीत. पाच-सहा दिवस हे रोज केलं की हळूहळू गुडघा वाकायला लागतो, पंजाची आतली बाजू चेंडूला सपाट लागते आणि ठप्प असा वेगळा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, जमलं.

आता सामन्यात याचा उपयोग बघा. एकच पाय चालणाऱ्या खेळाडूकडे पास आला की तो आधी चेंडू थांबवतो, मग चांगल्या पायाकडे वळवतो, मग पुढे देतो. या वळवण्यात सेकंद-दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. दोन्ही पाय चालणाऱ्याला वळवावंच लागत नाही. म्हणून ‘घोळवू नका’ आणि ‘दुबळ्या पायाने खेळा’ हे दोन नियम मुळात एकच धडा होते. हैदराबादची मुलं बहुतेक अनवाणी खेळायची, अंगाने बारीक, मैदानं खडबडीत. धक्काबुक्कीच्या खेळात ती टिकणार नव्हती. चेंडू जमिनीवर ठेवून भराभर फिरवत राहिलं तर मात्र त्यांना गाठणं अवघड होतं. माणूस कितीही जोरात पळाला तरी चेंडूएवढा पळत नाही. पुढे ‘हैदराबादी खेळ’ म्हणून देशभर जो ओळखला गेला तो हाच, आखूड पासांचा, दोन्ही पायांचा.

यात मला शिक्षक दिसतो. चांगला शिक्षक हुशार मुलाला जमणारं गणित पुन्हापुन्हा घालत नाही. ज्या ठिकाणी वर्ग अडतो तिथेच तो थांबतो, आणि अडलेल्या मुलाला लाज वाटणार नाही अशी युक्ती काढतो. दुबळ्या पायाच्या स्पर्धेत सगळेच अडखळतात. त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं आणि १७ तारखेला संस्थान भारतात आलं. त्याआधीचं वर्ष मराठवाड्याने कसं काढलं हे आमच्या गावागावांत अजून सांगितलं जातं. त्या दिवसांत ‘हैदराबादचे पोलीस’ हे शब्द ऐकून माणसं दाराला कडी लावायची. आणि दोनच वर्षांनी, १९५० साली, हैदराबाद सिटी पोलीस नावाचा फुटबॉल संघ मुंबईत रोव्हर्स कप जिंकून गेला. संघाचे प्रशिक्षक होते रहीम.

रोव्हर्स कप म्हणजे लहानसहान स्पर्धा नव्हती. मुंबईत १८९१ पासून चाललेली, पुढे कूपरेजच्या मैदानावर भरणारी, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती गोऱ्या पलटणींच्याच घरी राहिली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा पहिला भारतीय संघ ती जिंकला. अशी ही स्पर्धा हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं जिंकली. तो विक्रम कधीच मोडला गेला नाही, आणि आता स्पर्धाच बंद पडल्यामुळे मोडणारही नाही. कूपरेजच्या मुंबईकर प्रेक्षकांनी त्या पाच वर्षांत हैदराबादच्या पोलिसांसाठी टाळ्या वाजवल्या. ज्या नावाची परभणीकडे भीती होती त्याच नावाला मुंबईत टाळ्या, हे एकाच पिढीत घडलं. जखमा त्याने भरल्या असं मी म्हणणार नाही. पण त्या संघातली पोरं गरीब घरची होती, पोलीस खात्यात त्यांना नोकरी मिळाली ती खेळामुळे, आणि त्यांना घडवलं ते एका शाळामास्तराने. हेही त्याच इतिहासात लिहून ठेवायला हवं.

रहीम यांची भारतीय संघाबरोबरची कारकीर्द सुरू झाली ती याच सुमारास. मार्च १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असं हरवलं आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असं. गोल मेवालाल यांचा, कर्णधार शैलेन मन्ना. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. तिथली थंडी, ओलं गवत आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. इतका मोठा पराभव झाला की आपल्याकडे प्रशिक्षकाला हाकलण्याची रीत आहे. रहीम टिकले, आणि त्या पराभवातून शिकले.

त्यांचं शिकणं दोन प्रकारचं होतं. एक बूट घालण्याचं, जे सगळ्यांनाच करावं लागलं. दुसरं मांडणीचं. त्या काळी आपल्याकडे मागे दोन, मधे तीन आणि पुढे पाच अशी जुनी इंग्रजी मांडणी चालायची. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवून इंग्रजांची मांडणी मोडीत काढली. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे थांबायचाच नाही, मागे सरकायचा. त्याच्या मागे जावं तर पाठीमागे जागा मोकळी, न जावं तर तो मोकळा. इंग्रज बचावपटूंना काय करावं ते शेवटपर्यंत समजलं नाही. जगातल्या बऱ्याच प्रशिक्षकांनी हा सामना आश्चर्य म्हणून पाहिला किंवा वाचला. रहीम यांनी तो धडा म्हणून घेतला आणि मागे सरकणारा फॉरवर्ड भारतीय संघात आणला. वर्तमानपत्रं आणि परदेशी संघांचे दौरे एवढ्या भांडवलावर हैदराबादेतला एक शिक्षक जगाच्या बरोबरीने विचार करत होता.

आता १९५६ कडे येऊ, कारण हे वर्ष आपल्या भागासाठी दोन अर्थांनी महत्त्वाचं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. जवळा बाजारची राजधानी एका रात्रीत हैदराबादची मुंबई झाली. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. नेव्हिल मूळचे गोव्याकडचे, खेळायचे मुंबईकडून. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. चौथा गोल किट्टू यांचा. कर्णधार बंगालचे बद्रू बॅनर्जी. आणि बाकावर बसलेले प्रशिक्षक हैदराबादचे रहीम. म्हणजे आमच्या जुन्या राजधानीचा गुरू आणि नव्या राजधानीचा गोलवीर एकाच संघात. आमच्या भागातल्या किती जणांना त्या दिवशी याचा पत्ता होता कोण जाणे. रेडिओ असलेली घरं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आलं. चार वर्षांपूर्वी १०-१ ने हरवणारं. या वेळी पहिला गोल भारताचा झाला, नेव्हिल यांचाच. पुढे युगोस्लाव्हिया ४-१ ने जिंकलं, ही गोष्ट खरी, पण १०-१ वरून इथपर्यंतचं अंतर चार वर्षांत कापलं गेलं होतं. तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असं हरवलं. चौथा क्रमांक. आशियातल्या कोणत्याही देशाने तोवर ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याच हंगामात संतोष करंडकाचा, म्हणजे राज्याराज्यांच्या संघांमधल्या स्पर्धेचा, अंतिम सामना त्रिवेंद्रमला झाला, हैदराबाद विरुद्ध मुंबई. नकाशावरून हैदराबाद राज्य पुसलं गेलं होतं, फुटबॉल असोसिएशन मात्र जुन्याच नावाने खेळत होती. हैदराबाद जिंकलं. पुढच्या वर्षी हैदराबादेत पुन्हा तोच सामना, पुन्हा तोच निकाल. दोन्ही वेळा प्रशिक्षक रहीम. परभणी जिल्ह्यातल्या माणसाने त्या दोन वर्षांत कोणाच्या बाजूने असावं? कागदोपत्री मुंबईच्या. पण पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांचं शिक्षण, कोर्टकचेरी, उधारी, सगळं हैदराबादशी बांधलेलं. त्यांचं मन कुठे असेल हे सांगायला पुरावा लागत नाही.

त्याच काळात रहीम यांच्या हाती एक मुलगा लागला, तुळसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा, घरची गरिबी. खेळ पाहून रहीम यांनी त्याला सरावाला बोलावलं. मुलाची अडचण साधी होती. गाव लांब, आणि रोज शहरात यायला पैसे नाहीत. रहीम यांनी त्याला भाड्याच्या सायकलचे पैसे दिले. ही आठवण पुढे बलराम यांनीच सांगितली. तासावर सायकल भाड्याने घेण्याचे दिवस आमच्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवतील. दुकानदार वहीत वेळ टिपायचा, चेन उतरलेली सायकल हमखास आपल्याच वाट्याला यायची, आणि उशीर झाला की पुढच्या तासाचे पैसे. त्या तसल्या सायकलवरून सरावाला येणारा हा मुलगा १९५६ च्या ऑलिंपिक संघात होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध भारताचे गोल त्याचेच. रोममध्ये आपण हंगेरीशी २-१ ने हरलो, फ्रान्सला १-१ असं रोखलं, पेरूशी ३-१ ने हरलो आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. निकालाच्या तक्त्यात हे अपयश दिसतं. समोर कोण होतं हे पाहिलं की तसं म्हणवत नाही.

यानंतर जकार्ता, १९६२. रहीम यांना तोवर कर्करोगाने ग्रासलं होतं. अंगात ताकद उरली नव्हती, तरी संघाबरोबर ते गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असं हरवलं. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असं हरवून संघ सावरला. पण थायलंडच्या सामन्यात बचावाचा मुख्य खांब, जर्नेलसिंग, डोक्याला जबर जखमी झाला. सहा टाके पडले. बचावातला माणूस दिवसभर डोक्याने चेंडू परतवतो. टाके घातलेल्या डोक्याने ते कसं करणार?

इथे रहीम यांनी केलं ते माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं सार आहे. त्यांनी जर्नेलसिंगला विश्रांती दिली नाही आणि जुन्या जागीही ठेवलं नाही. त्याला थेट पुढे, सेंटर फॉरवर्डला नेलं. बचावाची मधली जागा अरुण घोष यांच्याकडे सोपवली. जर्नेलसिंग कॉलेजात असताना पुढे खेळलेला होता आणि ती जुनी गोष्ट रहीम यांच्या लक्षात होती. खेळाडूचा दुसरा पाय त्यांनी शोधला होता तसाच त्याचा दुसरा खेळही. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ ने जिंकला. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामी यांचे, एक जर्नेलसिंगचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. स्टेडियममध्ये सुमारे एक लाख माणसं आणि ती सगळी भारताच्या विरोधात. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. आशियाई खेळांच्या संस्थापकांपैकी एक, आपले गुरुदत्त सोंधी, यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंच्या बसवरचा तिरंगा काढावा लागला. मैदानात राष्ट्रगीताच्या वेळीही आरडाओरडा चालू होता. त्या गर्दीत भारताच्या बाजूने आवाज देणारे थोडेच, आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते, असं आपले खेळाडू पुढे कायम सांगत आले.

आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंजवळ एक भेट मागितली होती, सुवर्णपदकाची. ते आजारी आहेत हे खेळाडूंना दिसत होतं. गोलरक्षक थंगराज यांना तापाने घेरलं होतं, तरी त्यांनाच उतरवायचं ठरलं. सामना सुरू झाला आणि सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा, टाके घातलेल्या जर्नेलसिंगचा. मग तासाभराहून जास्त वेळ कोरियन हल्ले येत राहिले. पाच मिनिटं उरली असताना त्यांनी एक गोल परतवला. निकाल २-१. सगळं स्टेडियम विरोधात असताना भारतीय संघ आशियाचा विजेता झाला. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेलं नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं, आणि तेव्हाही कर्णधार हैदराबादचाच, सय्यद नईमुद्दीन.

१९६२ च्या संघात बलराम होते, युसुफ खान होते, थंगराज होते, सगळे हैदराबाद-सिकंदराबादच्या मैदानांवर वाढलेले. गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको होते, टाटांच्या संघातून आलेले. फ्रँको यांचा गोवा भारतात येऊन त्या वेळी जेमतेम नऊ महिने झाले होते. रहीम यांचे स्वतःचे चिरंजीव एस. एस. हकीम हे १९६० च्या रोम संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वडिलांच्या वाट्याला असा कोणता सन्मान आला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनी. २०२४ मध्ये अजय देवगण यांचा ‘मैदान’ हा चित्रपट आला तेव्हा कुठे देशातल्या बहुतेकांनी रहीम यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

मला त्या चित्रपटापेक्षा सायकलचं भाडं जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि त्याहून जास्त त्या नियम बदललेल्या स्पर्धा. सुवर्णपदक मिळालं जकार्तात, पण जर्नेलसिंगला पुढे पाठवण्याचं धाडस आलं ते चाळीसच्या दशकातल्या शाळेच्या मैदानावरून, जिथे उजव्या पायाची मुलं डाव्या पायाने धडपडत होती आणि एक मास्तर त्यांना धडपडू देत होता. आमच्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्येही असे सर आहेत, हे मी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात मैदानात पाणी साचलं की ते मुलांना व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारायला लावतात, आणि मैदान वाळलं की आधी स्वतः दगड वेचतात. कोणी मोजलं नाही म्हणून त्यांचं काम लहान होत नाही, आणि ते मोजलं जावं असं मला मनापासून वाटतं. किती मुलं मैदानावर आली, किती टिकली, किती जणांचा दुसरा पाय चालायला लागला, एवढं तरी शाळेच्या रजिस्टरात लिहून ठेवायला काय हरकत आहे?

रहीम ११ जून १९६३ ला गेले. वय ५३. जकार्ताहून परतल्यावर नऊ महिने. त्यानंतरच्या हंगामात, १९६३-६४ मध्ये, संतोष करंडकाचा अंतिम सामना मद्रासला झाला. हैदराबादचे खेळाडू आता आंध्र प्रदेश या नावाने खेळत होते आणि समोर होता महाराष्ट्र, ज्याच्याकडून जकार्तातले फ्रँको खेळत होते. महाराष्ट्र १-० ने जिंकला. जवळा बाजार तोवर महाराष्ट्रात येऊन चौथं वर्ष लागलं होतं.